काठ सोडताना

साडी चालणार नाही, असं फोनवर सांगितलं आणि आमच्या बचत गटातल्या अकरा जणींपैकी चौघींनी तिथंच नाव मागं घेतलं. उरलेल्या सात जणींनी रात्रीतून पोरांच्या ट्रॅकपँटी शोधल्या. माझ्या धाकट्या जावेनं दोन काढल्या, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. माझी कमरेला सैल होत होती म्हणून तिनं कंदिलाएवढ्या उजेडात बसून नाडी ओवून दिली. त्या रात्री लाइन गेली होती.

आमचा गट दर दिवाळीनंतर कुठंतरी जातो. शेगाव झालं, मुक्तागिरी झाली, सालबर्डी झाली. या वेळी गटातल्या तरुण सुना अडून बसल्या की चिखलदऱ्याला जायचं, आणि नुसते पॉइंट बघून, मक्याचं कणीस खाऊन परत यायचं नाही, जंगलातली झिपलाइन करायची, म्हणजे तारेला लटकून एका मचाणावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. मी चोपन्न वर्षांची. मला वाटलं होतं, मी चपला सांभाळायला खाली बसेन. पण जाऊ म्हणाली, "बाई, तुमी आल्या तर मी जातो, नाईतर मीबी नाई." तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, संत्र्याच्या बागांमधलं. रोज सकाळी अंगणात आलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. पाऊस कधी येणार, ढग कुठं अडला, हे आम्ही त्या डोंगराकडं बघूनच ठरवतो. जन्म गेला त्या डोंगरासमोर, पण वर मी आजवर तीनदाच गेले होते, आणि तिन्ही वेळा पाहुण्यांना दाखवायला.

परतवाडा, धामणगाव गढी, मग घाट. मोथ्याला थांबून चहा घेतला. हे गवळ्यांचं गाव, इथला खवा आमच्याकडच्या लग्नांत आवर्जून आणतात. वर चिखलदरा 1118 मीटरवर आहे. खाली दुपारी अजून घाम येत होता आणि इथं सकाळी नऊलाही अंगावर काटा. रस्त्याच्या कडेला कॉफीची झाडं दिसली. विदर्भात कॉफी होते हे गटातल्या दोघींना ठाऊकच नव्हतं. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला, ही कथा गाडीवाल्यानं सांगितली आणि भीमकुंडाच्या वळणावर सगळ्यांनी हात जोडले. गाविलगडाच्या तटाची काळी रेघ लांबून दिसत होती. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो किल्ला घेतला, हे मी मुलाला दहावीला इतिहास शिकवताना वाचलेलं. त्या तटाखालची दरी बघितली आणि तिथं तोफा चढवणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, असं उगाच मनात आलं.

गावापासून थोडं आत, सागाच्या जंगलात झिपलाइनचं ठिकाण होतं. तिथं दोघं मार्गदर्शक होते, एक पंचविशीचा मुलगा आणि त्याच्याहून थोडी लहान मुलगी. दोघंही कोरकू, जवळच्याच पाड्यातले. आपसांत ते कोरकूत बोलायचे. ती भाषा मराठी-हिंदीपेक्षा मुळातच वेगळ्या कुळातली, मुंडा भाषांच्या घरातली, त्यामुळं एक शब्द कळत नव्हता. पण आमच्याकडं वळले की लगेच आमची वऱ्हाडी.

आधी काटा. प्रत्येकीला वजनावर उभं केलं. 40 किलोच्या आत किंवा 100 च्या वर असेल तर पाठवत नाहीत. मी 46 भरले. मग फॉर्म. बीपी, शुगर, हृदयाचं काही, फिट येते का, हल्ली ऑपरेशन झालं का, पाठीचं दुखणं, दिवस गेलेत का, सगळं. आमच्या अध्यक्षबाईंनी खरं लिहिलं की बीपीची गोळी चालू आहे आणि गेल्या महिन्यात चक्कर आली होती. त्या मुलीनं वाचलं, मान वर करून म्हणाली, "काकू, तुमाले नाई पाठवू शकत." अध्यक्षबाईंना वाईट वाटलं. एवढ्या लांब आल्या, पैसे भरले. पण तिनं आवाज न चढवता तेच पुन्हा सांगितलं, आणि पैसे परत देऊन त्यांना सावलीत खुर्ची आणून दिली. मला ती मुलगी तिथंच आवडली. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्या हातात जीव द्यायला हरकत नाही, असं मला वाटलं.

मग दागिने. अंगठ्या काढा, लोंबते कानातले काढा, केस आत बांधा, ओढणी नको, खिशात काही नको, चपला चालणार नाहीत, लेसचे बूट हवेत आणि लेस आत खोचलेली हवी. मंगळसूत्रापाशी सगळ्या अडल्या. कुणी काही बोलेना. त्या मुलीला ते कळलं. तिनं स्वतःच्या गळ्यातली काळी दोरी दाखवली, शर्टाच्या आत टाकली, वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "असं करा, काढू नोका." सहा जणींनी एकदम बटणं लावली. काचेच्या बांगड्यांवर मात्र तिनं हातमोजे ओढू दिले नाहीत. हातमोज्यात बांगडी फुटली तर मनगट कापतं. जावेनं थुंकी लावून एकेक उतरवली आणि रुमालात बांधली.

हार्नेस म्हणजे आमच्या भाषेत पट्ट्यांचं खोगीर. दोन पाय दोन फासांत घालायचे, कमरेचा पट्टा हाडाच्या वर घ्यायचा, कमरेच्या खाली नाही. खाली राहिला आणि माणूस उलटा झाला तर निसटू शकतो. मुलगा प्रत्येक पट्ट्यात दोन बोटं घालून बघायचा. दोन बोटं सहज जावीत, मूठ जाऊ नये. समोर पोटाशी एक जाड कडी, त्या कडीतून दोन दोर निघतात. एक कप्पीला जातो, दुसरा वेगळा, कप्पीला काही झालंच तर धरून ठेवायला. दोन्हींच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे स्क्रूचं तोंड असलेला हुक. हुक लावायचा, स्क्रू फिरवून बंद करायचा, आणि मग तो दाबून बघायचा, उघडतो का. त्या मुलानं प्रत्येकीचा हुक दाबून बघितला आणि मग प्रत्येकीला स्वतःच्या अंगठ्यानं दाबायला लावला. "तुमच्या हातानं पाहजा. मी म्हनतो म्हनून नोका मानू."

जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक छोटी तार होती, शिकण्यासाठी. तिथं त्यानं बसायचं कसं ते दाखवलं: खुर्चीत बसल्यासारखं, गुडघे वर, पाय एकावर एक, एक हात समोर कप्पीच्या दोरावर. दुसरा हात मागं, तारेवर, जाड चामड्याच्या मोज्यात. वेग कमी करायचा असला की या मागच्या हातानं तार वरून खाली दाबायची. हात कप्पीच्या पुढं कधीच न्यायचा नाही. चाकं बोटांवरून जातात. हे त्यानं चार वेळा सांगितलं. आणि अजून एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हा नीट ऐकली नाही: मधेच थांबलात तर लगेच तार धरा, नाहीतर मागं घसराल.

पहिल्या मचाणावर चढलो. सागाच्या दोन खोडांना धरून बांधलेलं लाकडी मचाण, खाली ओढा. तार बोटाएवढी जाड, पिळाची, समोरच्या झाडीत जाऊन दिसेनाशी होणारी. उंची फार नव्हती. पण काठावर उभं राहिल्यावर माझ्या पोटात जे झालं, ते मी ओळखलं. ते मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी व्हायचं.

आमच्या विहिरीवर मोट होती. मी सात-आठ वर्षांची असेन. वैशाखात पाणी तळाला गेलं की बाबा गाळ काढायला उतरायचे. मोटेच्या चाकावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, सोडायचा, टोकाला फळी बांधायची, बाबा फळीवर बसायचे आणि काका, शेजारचे दोघं नाडा धरून हळूहळू खाली सोडायचे. मी काठाशी बोरीच्या झाडाला धरून उभी. खाली अंधारात बाबांचं डोकं लहान लहान होत जायचं त्याची मला भीती वाटत नसे. भीती वाटायची त्याच्या आधीच्या एका क्षणाची. बाबा फळीवर बसलेले असायचे पण पाय अजून काठाच्या दगडावर असायचे. मग ते नाड्याला तीन झटके द्यायचे, वर चाकाकडं बघायचे, काकांकडं बघायचे, आणि पाय सोडायचे. तो पाय सुटताना मी डोळे मिटून घ्यायचे. बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. पुढं मोट गेली, मोटर आली, मीही हे विसरून गेले असं मला वाटत होतं.

मचाणावरच्या मुलानं माझी कप्पी तारेवर चढवली. दोन चाकं, दोन्ही तारेच्या खाचेत बसली का ते वाकून बघितलं. दुसरा हुक लावला. मग माझा दोर धरून तीन झटके दिले. अगदी तेवढेच, तीन. वर बघितलं, माझ्याकडं बघितलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं मी घाबरले. तो म्हणाला, "काकू, घाई नाई. दोन मिंट थांबा. नाई जमलं तर पायऱ्यानं उतरता येते, कोनी काई म्हनत नाई." मी त्याला म्हटलं, नाही रे बाबा, जमतंय. आणि पाय उचलले.

पहिली तार लहान. किती वेळ लागला ते आठवत नाही, कप्पीचा आवाज मात्र आठवतो, सुरुवातीला घरघर आणि वेग वाढला की शीळ. समोरच्या मचाणावर ती मुलगी दोन्ही हात वर करून खूण करत होती, हात खाली आणले की दाबायचं. मी दाबलं, तिनं कमरेचा पट्टा धरून मला आत ओढलं, आधी मचाणाचा हुक लावला आणि मगच तारेचा काढला. हा क्रम तिनं एकदाही बदलला नाही. माणूस एका क्षणासाठीही मोकळा नसतो.

दुसऱ्या तारेवर मी डोळे उघडे ठेवले. साग आपण सगळेच खालून बघतो. सरळ खोड, मोठी खरखरीत पानं, उन्हाळ्यात पायाखाली मोडणारी. वरून तो वेगळा असतो. शेंड्यावर फळांचे घोस होते, प्रत्येक फळ कागदी फुग्यासारख्या पापुद्र्यात बंद, वारा आला की सगळे एकदम सरसरायचे. बरीच पानं किड्यांनी खाऊन नुसती शिरांची जाळी राहिली होती आणि त्या जाळीतून ऊन खाली गळत होतं. माझ्या उजव्या बुटाला एक शेंडा लागून गेला. पाल्याचा वास आला, तुरटसा. लहानपणी आम्ही सागाची कोवळी पानं चुरगाळून हात लाल करायचो, ते आठवलं.

तिसऱ्या तारेआधी थोडं चालायचं होतं. वाटेत मुलानं एका वाळक्या झाडाची ढोली दाखवली, इथं रानपिंगळा बसतो म्हणाला. हा पक्षी 1884 नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये तो नंदुरबारकडं, शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मग मेळघाटातही. इतर घुबडांसारखा तो रात्रीचीच वाट बघत नाही, दिवसाही दिसतो. आज नव्हता. वाघाबद्दल विचारलं तर मुलगा "कुलामामा" म्हणाला, नुसतं वाघ म्हणाला नाही. मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आलं तेव्हा याचा आजा इथंच मोहफुलं वेचत असणार. मामा म्हणणारी माणसं या जंगलात आपल्या आधीपासून आहेत, याची आम्हा पर्यटकांना जाणीव असली पाहिजे, असं मला फार वाटतं.

तिसरी तार सर्वांत लांब, 200 मीटर, खोल नाल्यावरून. तिथं आमच्या मागं शहरातून आलेले पाच-सहा जण येऊन थांबले होते. जावेचे हुक तपासून झाले होते, पण मुलानं कमरेचा पट्टा सैल झालेला बघून पुन्हा सगळं सुरुवातीपासून केलं. मागून एकजण ओरडला, "अरे किती वेळ, झालं ना एकदा!" दुसरा म्हणाला, बायकांना आणायचंच कशाला. मला फार राग आला. आमच्याबद्दल बोलला म्हणून नाही. त्या मुलाचं लक्ष विचलित केलं म्हणून. त्याचा हात त्या वेळी स्क्रूवर होता. मी मागं वळून त्यांना म्हटलं, "तुमची पाळी आली की तुमचंही असंच बघेल तो. बघू द्या." मुलानं मान वर केली नाही. स्क्रू फिरवला, दाबला, जावेला दाबायला लावला, तीन झटके. जाऊ गेली. लांबून तिचा "पोचलो!" असा आवाज आला आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

माझी पाळी आली. नाल्यावर आल्याबरोबर वारा समोरून लागला आणि वेग इतका वाढला की माझा मागचा हात आपोआप दाबला गेला. मुलीनं अजून खूण केली नव्हती. मी फार लवकर दाबलं. तार मधे झोळ खाते. अर्ध्यापर्यंत उतार, पुढं चढ. त्या चढासाठी वेग राखायचा असतो. माझं वजन आधीच कमी, वर समोरचा वारा. मचाण 30-40 मीटरवर राहिलं आणि मी थांबले. आणि तार धरायची विसरले. त्यानं सांगितलेलं तेच झालं, कप्पी मागं फिरली आणि मी उलटी घसरत झोळाच्या मध्यावर येऊन लोंबकळत राहिले.

खाली नाला. पाणी थोडंच होतं, दगड पांढरे. कप्पीचा आवाज बंद झाल्यावर जंगलाचा आवाज आला. पाणी कुठंतरी पडत होतं, एक सुतार पक्षी ठोकत होता, आणि माझ्या बुटाच्या बरोबर खाली एका झाडावर माकडं बसली होती, ती मान वर करून बघत होती. मी डोळे मिटले नाहीत. हुककडं बघितलं. स्क्रू बंद होता. तो मी स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बघितलेला होता, आणि त्या एका गोष्टीनं माझे हात थरथरायचे थांबले.

समोरून ती मुलगी येताना दिसली. तारेवर स्वतःची कप्पी लावून, पाठ माझ्याकडं, हातावर हात टाकत. उतारावर येणं सोपं, पण ती घाई करत नव्हती. पोचली, तिनं माझा पट्टा स्वतःच्या पट्ट्याला जोडला आणि म्हणाली, "माय, भेव नोको. आता दोघी मिळून ओढू. तू मांगं तोंड कर, हातावर हात टाक."

माय म्हणाली ती मला. मी तिच्या तालात ओढू लागले. उजवा, डावा, उजवा. मोज्यातून तार गार लागत होती. चढ येत गेला तसे दंड भरून आले. मधे तिनं थांबवलं, दम घेऊ दिला. मी विचारलं, किती जणांना असं आणलंस? ती म्हणाली, बारीक माणसं रोज दोन-तीन अडकतात, त्यात काही लाजायसारखं नाही. तिच्या मनगटावर तारेचा जुना ओरखडा होता, बरा झालेला. मचाणावर पोचलो तेव्हा जाऊ रडत होती. तिनं माझे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

चौथी तार सोपी होती. खूण होईपर्यंत मी दाबलं नाही.

खाली आल्यावर सगळ्या जणी बांगड्या भरत, चहा पीत बसल्या. अध्यक्षबाईंनी आम्हा सहा जणींची दृष्ट काढली. मी मात्र त्या दोघांकडं गेले. दिवसातली शेवटची फेरी आमच्या मागच्या त्या माणसांची होती आणि ती संपली होती. मुलगा एकेक हार्नेस टांगून शिवण हातानं चाचपून बघत होता. जिथं दोरा उसवल्यासारखा वाटला तो पट्टा त्यानं वेगळा टाकला. मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. कप्पी क्रमांक, चाक फिरतं का, स्क्रू, दोर, तारेवर कुठं पिळ सुटलाय का, अशा रकाने केलेल्या वहीत ती रोज लिहिते. बाबांची वही नव्हती. ते रोज पहाटे नाड्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवायचे, आणि चाकाचा कणा तापला की त्यावर एरंडेल सोडायचे.

मी तिला विचारलं, एक कप्पी हातात घेऊ का? तिनं माझीच शोधून दिली, क्रमांक सातची. मी चाक बोटानं फिरवलं. ते अजून कोमट होतं.